मदत हवी आहे: मियाटाचं कूलंट बदललं, आता गाडी तापतेय

सुसाट_सह्याद्री
काल ड्राइव्हवेमधे माझ्या मियाटाचं (माझदाची दोन सीटची स्पोर्ट्स कार) कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, स्वतःच काढलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आणि वरचा होज नवीन टाकला, सगळं घट्ट केलं, गळती कुठेच नाही, तरी दहा मिनिटं उभी चालू ठेवली की काटा वर सरकायला लागतो. शनिवारी स्कायलाइन ड्राइव्हला (अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला डोंगरातला रस्ता) जायचंय, बायकोची सुट्टी मोठ्या मुश्किलीने जुळलीये. काय राहिलं असेल? प्लीज लवकर सांगा.

तेल_पाणी
कुठल्या सालची? इंजिन १.६ लिटरचं की १.८? हीटर गरम हवा देतो का? आणि किती कूलंट निघालं, किती घातलं? एवढं कळल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

भोपाळी_टोडी
हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय. माझ्या जुन्या सेडानला अगदी अशीच सुरुवात झाली होती, पुढे हेड वाकलं. गाडी चालवू नका, टो करून न्या.

तेल_पाणी
@भोपाळी_टोडी, अहो काल कूलंट बदललं आणि आज तापली, यात लगेच गॅस्केट कशाला? शंकाच असेल तर ब्लॉक टेस्टर आणा, निळं द्रावण पिवळं झालं तर कूलंटमधे धुराचा वायू येतोय असं समजायचं. पण आधी साधं तपासू.

पेडल_टू_मेटल
माझं ऐका, कूलंट रीरूट करून टाका, म्हणजे ते इंजिनच्या मागून बाहेर काढा. हे इंजिन मुळात आडवं बसवायला बनवलेलं, मियाटात उभं (गाडीच्या लांबीत) बसवताना पाण्याची वाट पुढे घेतली, त्यामुळे मागचा चौथा सिलिंडर सगळ्यात जास्त तापतो. मी केलंय, फरक जाणवतो.

तेल_पाणी
तुम्ही ट्रॅकवर पळवता, तुमच्याकडे टर्बो आहे. रस्त्यावरच्या साध्या गाडीला त्याची गरज नाही, आणि काल तापत नव्हती ती आज तापतेय याचं उत्तर रीरूटमधे नाहीये.

सुसाट_सह्याद्री
१९९९ ची, १.८. हीटर थंड हवा देतोय, मला वाटलं तो वेगळा प्रॉब्लेम आहे. रेडिएटरबरोबर इंजिनचा ब्लॉकसुद्धा रिकामा केला होता, निघालं साधारण साडेपाच लिटर. घातलं एक गॅलनचा कॅन पूर्ण, मग तोंडापर्यंत आलं म्हणून झाकण लावलं.

तेल_पाणी
सापडलं की! गॅलन म्हणजे ३.८ लिटर, या गाडीत साधारण सहा मावतं. उरलेल्या जागेत हवा अडकलीये, म्हणून हीटरला गरम पाणी पोचत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा, गरम असताना दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर उडतं, माझ्या मनगटावर डाग आहे अजून. पुढची चाकं रॅम्पवर चढवा म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल, हीटर फुल गरमवर, फनेल लावून भरा, होज हाताने दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका, या मॉडेलचा काटा मधल्या पट्ट्यात बराच वेळ हलतच नाही, हलला म्हणजे गाडी आधीच बरीच तापलेली असते.
आणि थर्मोस्टॅटची छोटी हलणारी पिन वर ठेवली होती ना?

घाटमाथा
पुण्याहून विचारतोय, ही गाडी इकडे आणता येईल का? किती खर्च येईल?

निवांत_नागपूरकर
नाही येणार, जुनी गाडी आयात करायला तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, शिवाय स्टीअरिंग डावीकडे. त्यापेक्षा बाईक घ्या.

सुसाट_सह्याद्री
पिन?? कुठली पिन? मी बसेल तसा बसवला होता.

तेल_पाणी
ती हवा बाहेर जायला असते, खाली राहिली तर हवा थर्मोस्टॅटमागेच बसून राहते. उघडा परत. आणि एसी लावून पाहा, रेडिएटरचे दोन्ही पंखे फिरायला हवेत.

सुसाट_सह्याद्री
पिन खरंच खाली होती. फिरवून बसवला, रॅम्पवर भरलं, अजून जवळपास दोन लिटर आत गेलं, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं. हीटर आता चटका लागेल इतका गरम, पंखे फिरतायत, पाऊण तास काटा हलला नाही. खूप खूप आभार, @तेल_पाणी. एकच, रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकचा रंग तपकिरी-हिरवट झालाय, ते चालेल का?

तेल_पाणी
नाही चालणार. ते प्लास्टिक जुनं झाल्याचं लक्षण आहे, कधीही चीर पडते. डोंगरात जाण्याआधी बदला.

पेडल_टू_मेटल
शनिवारपुरता काढेल हो, सावकाश जा, तिथे वेगमर्यादा ताशी ३५ मैलच आहे.

तेल_पाणी
मर्यादा ३५ असली म्हणून चढ कमी होत नाही, आणि बायको शेजारी असताना रस्त्याच्या कडेला वाफ बघत बसायला नको.

मांजरप्रेमी
जुनं कूलंट उघड्या भांड्यात ठेवलं असेल तर आत्ता झाका. चव गोड असते, मांजरं-कुत्री चाटतात आणि त्यांची किडनी जाते.

सुसाट_सह्याद्री
परातीत होतं, आत्ता जाऊन कॅनमधे ओतलं, बूच लावलं. रेडिएटर मागवलाय, शुक्रवारी येईल. जुन्या कूलंटचा हा कॅन रिसायकलिंगवाले घेतात का?