मदत हवी आहे : ‘संमती नव्हती’ हे गृहीतक नेमके कुठवर लागू होते?

नमस्कार. महिला मंडळातील एका व्याख्यानासाठी मी ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा खटला अभ्यासत आहे. 1972 साली देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या या प्रकरणात नागपूर खंडपीठाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये रद्द केली, आणि तसे करताना अंगावर जखमा नसणे म्हणजे जणू संमतीच, असा अर्थ लावला. तो निकाल आजही वाचवत नाही. पुढे 1983 मध्ये तेव्हाच्या पुरावा कायद्यात कलम 114-अ आले (जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 120 मध्ये आहे). पोलीस कोठडीसारख्या ठराविक प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला आणि पीडितेने साक्षीत ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालय तसेच गृहीत धरते. 2013 च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने तर प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हेही स्पष्ट केले.

माझी अडचण अशी, की आरोपी ओळखीचा असून हे गृहीतक लागूच होत नसेल, तेव्हा केवळ पीडितेच्या साक्षीवर शिक्षा देताना सत्र न्यायालये तिच्या जबाबांतील किरकोळ विसंगती आणि मुळावर घाव घालणारी विसंगती यांत फरक कसा करतात? फौजदारी वकिली करणाऱ्या सदस्यांनी, शक्यतो निकालांच्या आधारे, कृपया समजावून सांगावे.