तिरप्या भिंतीचं खरं माप
भिंतींची समोरून दिसणारी दृश्यं (एलिव्हेशन) संगणकावर काढताना खोलीच्या मधोमध एक एलिव्हेशन मार्कर, म्हणजे कुठल्या भिंतीकडे बघायचं ते बाणांनी दाखवणारी खूण, ठेवून चारही बाण चालू करा, असा सल्ला देतात; तो काटकोनी खोलीपुरताच बरोबर आहे. नकाशात भिंत ३० अंशांनी तिरपी असेल तर १० फुटांची भिंत त्या दृश्यात ८.६६ फूटच दिसते, आणि त्या मापानं टाइल्स मागवल्या की कमी पडणारच. रेव्हिट या इमारतींचे नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये तिरप्या भिंतीजवळ वेगळा मार्कर ठेवा, तो तिच्याकडे वळतो. आर्किकॅड या तशाच सॉफ्टवेअरचं इंटिरिअर एलिव्हेशन टूल प्रत्येक भिंतीचं स्वतंत्र दृश्य देतं.

आमच्या वर्धा-यवतमाळकडच्या गावठाणांत मातीची जुनी घरं बोळाच्या वळणानं उभी, कोपरे क्वचितच गुण्यात (काटकोनात). नुसत्या चार बाजूंवरून खोलीचा आकार ठरत नाही, म्हणून निदान एक कर्ण टेपनं मोजून आणा, दुसरा पडताळणीला.