ध्रुववर खरंच पिक्चर निघाला तर? काय पाहिजे, कशाची भीती वाटते?

बाळीवेसकर
मंडळी, एक विषय बरेच दिवस डोक्यात घोळायलाय. राज कॉमिक्सचा हिरो सुपर कमांडो ध्रुव, त्याच्यावर मोठा पिक्चर येणार असं अधूनमधून कुणीतरी ग्रुपवर टाकतं, मग हिरो कोण यावर दोन दिवस भांडणं होतात आणि परत सगळं थंड. ते खरं का खोटं ते सोडा. उद्या खरंच निघाला तर त्यात काय असलंच पाहिजे, आणि काय दिसलं तर तुम्ही इंटरव्हलला उठून घरी जाल?

माझी सगळ्यात मोठी भीती आधी सांगतो. ह्याला पॉवर देतील. १९८७ ला अनुपम सिन्हांनी त्याची पहिली कॉमिक 'प्रतिशोध की ज्वाला' काढली तेव्हापासून ह्या पोराचं वेगळेपण हेच की त्याच्याकडं काही नाही. राज कॉमिक्सच्याच दुसऱ्या हिरोच्या, नागराजच्या अंगात विष आहे, साप आहेत, ध्रुवकडं काय तर ज्युपिटर सर्कशीत शिकलेल्या कसरती, मोटरसायकल, स्टारलाईन नावाची दोरी, फेकायची स्टारब्लेड आणि डोकं. मार खाऊन खाऊन तो खाली पडलेला असतो, व्हिलन समोर उभा राहून भाषण ठोकत असतो, आणि तेवढ्यात एका बारक्या चौकटीत ध्रुवच्या डोक्यावर विचाराचा ढग येतो, की अरे ह्याचं हत्यार ह्या ह्या गोष्टीवर चालतंय म्हणजे इथं असलेल्या अमुक वस्तूनं ते बंद पडेल. शाळेत शिकलेलं विज्ञान असतं ते, फार मोठं काही नाही. पण पान उलटायच्या आधी आपण पण विचार करायला लागायचो. नववीत सरांनी आवाजाच्या लहरी शिकवल्या तेव्हा मला आधी आवाजाचं हत्यार वापरणारा व्हिलन ध्वनिराजच आठवला होता. पिक्चरमध्ये फाईट चालू असताना तेवढं थांबायची कुणाची तयारी असेल का? मला तर वाटतं ढोल वाजवत स्लो मोशनमध्ये एक बुक्की आणि काम खलास करतील, आणि तसं केलं तर तो ध्रुव नाहीच, निळ्या पिवळ्या कपड्यातला कुणीतरी दुसराच.

अजून एक. त्याला मुखवटा नाही. सगळ्या राजनगरला, म्हणजे त्याच्या शहराला, माहीत आहे हा कोण, पोलीस कमिश्नर राजन मेहरांचा दत्तक मुलगा. म्हणजे जो कुणी घ्याल त्याला चेहऱ्यानं काम करता आलं पाहिजे, नुसती बॉडी बघून घेऊ नका. तुमचं काय मत?

गड्ड्यावरचा
मला एकच पाहिजे, सर्कस खरी दाखवा. बाकी सगळं मागं पुढं झालं तरी चालेल.

बरेच जण ओरिजिन (हिरो कसा घडला ते) म्हणजे पहिली दहा मिनिटं म्हणून उरकून टाकतात. आग लागली, आई बाप गेले, पोरगा मोठा झाला, टायटल. ध्रुवच्या बाबतीत असं केलं तर सगळं गेलं, कारण पुढं तो जे जे करतो ते सगळं तो तंबूत शिकलेला आहे. त्याचे खरे आई बाप श्याम आणि राधा झुल्यावर काम करणारे, पोरगा त्यांच्यात, जनावरांत, चाकू फेकणाऱ्यांत वाढला. हे अर्धा तास बघायला मिळालं पाहिजे म्हणजे दुश्मन ग्लोब सर्कसवाले आग लावतात तेव्हा आपल्याला काहीतरी होईल.

आपल्याला हे सांगावं लागत नाही. जानेवारीत आपल्या सोलापुरात सिद्धेश्वरच्या यात्रेत होम मैदानावर ज्यानं मौत का कुवा बघितलाय त्याला कळेल मी काय म्हणायलोय. वर लाकडी कठड्याला धरून उभं राहायचं, खालनं गाडी फिरत फिरत वर आली की पायाखालच्या फळ्या थरथर करतात, पेट्रोलचा धूर नाकात, आणि तो गाडीवाला दोन्ही हात सोडून आपल्या हातातली नोट ओढून नेतो. ध्रुवची मोटरसायकल तशी पाहिजे. कॉम्प्युटरवर बनवलेली गाडी बिल्डिंगवरनं उड्या मारायला लागली की मला भीती वाटत नाही, त्या कुव्यात वाटते. असे गाडीवाले आपल्याकडं अजून आहेत, त्यांना घ्या की कामाला, पोटाला पण लागेल त्यांच्या.

आणि हे महाराष्ट्राचंच आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० ला मुंबईत पहिली देशी सर्कस उभी केली, पुढं सांगली भागातली कितीतरी लोकं ह्या धंद्यात गेली. दिग्दर्शकानं त्या भागात जाऊन म्हाताऱ्या कलाकारांकडं बसावं.

एक अडचण मात्र खरी आहे. वाघ, सिंह, अस्वल, माकडं सर्कशीत नाचवायला १९९८ पासून बंदी आहे आणि ते बरोबरच आहे. मग जनावरं कॉम्प्युटरवरच करावी लागणार. तिथं पैसा घाला, मौत का कुवा खरा ठेवा.

सत्तर फूट रोड
दादा सर्कशीचं एकदम पटलं. पण बाळीवेसकर, तुमचं "काही पॉवर नाही" हे पूर्ण बरोबर नाही हो. तो पशुपक्ष्यांशी बोलतो ते काय आहे मग? पक्ष्यांना निरोप सांगतो, कुत्र्यांना मदतीला बोलावतो. माझ्या मते पिक्चर फसला तर तिथंच फसणार. कागदावर ते गोड वाटतं, पडद्यावर माणूस कावळ्याशी बोलायला लागला की थिएटरात पहिला हशा तिथंच येणार. ते नीट जमवायचं असेल तर जनावरांच्या तोंडी माणसाचे डायलॉग देऊ नका, त्यानं आवाज काढायचा, त्यांनी वागून दाखवायचं, बास.

व्हीएफएक्सची मात्र मला एवढी भीती नाही. आमच्या घरी तेलुगू बोलतात, सोलापूरच्या पूर्वभागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. १२ जानेवारी २०२४ ला 'हनुमान' हा तेलुगू सुपरहिरो पिक्चर लागला तेव्हा बाजूलाच महेश बाबूचा मोठा पिक्चर होता, तरी लोकं ह्याला गेली. कमी पैशात केलेला होता, हिरो तेजा सज्जा काही मोठा स्टार नव्हता, पण गाव खरं वाटत होतं आणि त्या पोराच्या बहिणीचं पात्र मनापासून लिहिलेलं होतं. माझी आजी, जिला सुपरहिरो म्हणजे काय माहीत नाही, ती पण शेवटपर्यंत बसली.

बहिणीवरनं माझी खरी मागणी. ध्रुवच्या बहिणीला, श्वेताला वाया घालवू नका!! ती स्वतः डोकेबाज आहे, मुखवटा घालून चंडिका होऊन भावाच्या मदतीला येते आणि भावाला पत्ता नाही की ही आपलीच बहीण. रात्री दोघं एकत्र लढणार, सकाळी घरी येऊन टॉवेलवरनं भांडणार. एवढं आयतं मिळालेलं असताना तिला राखी बांधायला आणि किडनॅप व्हायला ठेवलं तर मी तरी परत तिकीट काढणार नाही. लहानपणी दुकानात भाड्यानं कॉमिक्स आणायला गेले की मालक म्हणायचे हे पोरांचं असतंय, तू दुसरं ने. चंडिका होती म्हणून मी तिथं हट्टानं उभी राहायची.

होटगी रोड
मी तुमच्यापेक्षा वयानं बराच मोठा, आमचा जमाना इंद्रजाल कॉमिक्सचा. १९६४ ला सुरू झालं, १९९० ला बंद पडलं, आणि मराठीत मिळायचं हे महत्त्वाचं. त्यातला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, आमचा देव होता. १९९६ ला हॉलिवूडवाल्यांनी त्याच्यावर पिक्चर काढला, बिली झेन हिरो. आता बघा, त्यांनी कपडे तेच ठेवले, जांभळे, कवटीची अंगठी, घोडा, लांडगा, काळ पण जुनाच ठेवला. म्हणजे तुम्ही लोक जे मागायलात ते बहुतेक दिलं. तरी तिकडं आपटला. मला स्वतःला आवडला, मी अजून बघतो, पण ज्यांनी कधी वेताळ वाचलाच नाही त्यांना ह्या माणसाची काळजी का वाटावी ते पिक्चरनं सांगितलंच नाही.

म्हणून मला विचाराल तर निळा कुठला आणि पिवळा कुठला यावर भांडू नका. आई बापाचा खून झालेला पोरगा सूड घेऊन थांबत नाही, त्याच्या पुढं जाऊन लोकांना वाचवायला लागतो, हे न वाचणाऱ्याच्या काळजाला भिडलं पाहिजे. तेवढं झालं की कपडे आपोआप मान्य होतात.

विजापूर वेस
काका बरोबर. मला वयाची भीती वाटते. फास्टर फेणेचं बघा, भा. रा. भागवतांचा फेणे म्हणजे फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. २०१७ च्या पिक्चरमध्ये तो मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्याला आलेला तरुण झाला. अमेय वाघनं काम झकास केलं, पिक्चर म्हणून मला आवडला, पण सायकलवरचा तो बारका पोरगा मला अजून पडद्यावर बघायचाय. ध्रुवचं पण असंच करतील, चाळिशीतला स्टार घेतील आणि त्याच्या टीमची, कमांडो फोर्सची पोरं, पीटर, करीम, रेणू, त्याच्यापुढं पुतणे भाची दिसायला लागतील. नवीन पोरगा घ्या. स्टार पाहिजेच असेल तर राजन मेहरा करा ना त्याला, बापाचा रोल पण दमदार आहे.

आणि मराठी डबिंग पाहिजे, पण बोली घालून गंमत करू नका, साधं मराठी.

बाळीवेसकर
ताई, जनावरांचं मान्य, पण मी त्याला पॉवर धरत नाही. सर्कशीत त्यांच्याबरोबर राहून ती भाषा त्याला आली, गड्ड्यावरचा म्हणतोय तसा अर्धा तास तंबूत दिला तर ते लोकांना आपोआप पटेल. तुमचं आवाजाचं पण लिहून ठेवलंय, डायलॉग नकोतच.

सगळ्यांचं वाचून मला एक वाटायलंय की पहिल्या भागात मोठ्या व्हिलनला, ग्रँड मास्टर रोबोला आणूच नये. तो आला की त्याचा लेझरचा डोळा, त्याची मुलगी नताशा, तिचं आणि ध्रुवचं ते सगळं गुंतलेलं प्रकरण, दोन तासात कशालाच न्याय मिळणार नाही. पहिल्यात फक्त ज्युपिटर आणि ग्लोब सर्कस, श्वेता घरात, चंडिका अजून व्हायचीय. नताशा दुसऱ्या भागात. ह्यावर कुणाचं दुसरं मत असेल तर लिहा, विशेषतः ज्यांना नताशा पहिल्याच भागात पाहिजे त्यांनी.

सत्तर फूट रोड
चंडिका पहिल्याच भागात पाहिजे. शेवटच्या पाच मिनिटात का होईना, पण पाहिजे. नताशा थांबू शकते.