शेतावरचं जुनं घर आणि घरचे हात: तुमचे अनुभव लिहा

आजोळचं शेतघर आम्ही मामेभावंडांनी दुरुस्तीला काढायचं ठरवलंय. ज्यांनी असं काम घरच्यांना हाताशी घेऊन केलंय, त्यांनी इथे लिहावं. झालेल्या घराचे फोटो पुष्कळ दिसतात. मला त्याआधीचं हवंय: सुरुवात कुठून केलीत, कोणाला काय काम दिलंत, कारागीर कुठे लागलाच.

~

छपरापासून सुरुवात करा. आमच्याकडे सगळ्यांना भिंती रंगवायची घाई होती. सासरे मात्र शिडी लावून वर गेले आणि वाशांची भिंतीत शिरणारी टोकं स्क्रूड्रायव्हरनं टोचत निघाले. वासा मध्यावर खणखणीत, टोकाशी पातं मुठीपर्यंत आत! तिथे भिंतीतली ओल कोंडते, हवा लागत नाही, म्हणून लाकूड तिथूनच कुजतं. खालून बघणाऱ्याला काही कळत नाही.

छप्पर उतरवताना सुतार होताच. कौलं निवडायचं काम मी आणि जाऊबाईंनी घेतलं. एक-एक कौल बोटानं वाजवायचं. टणटणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर चीर आहे. पुतण्याचा कान आमच्यापेक्षा तयार निघाला, शेवटच्या राशी त्यानंच निवडल्या.

~

ओलीबद्दल सविस्तर लिहितो, कारण लोकांचा सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो.

आमच्या भिंती दगड-मातीच्या. मागे कधीतरी एका कंत्राटदारानं त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून हवेत सोडते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल आत साचते. मग लोणा फुटतो, म्हणजे भिंतीवर पांढरे क्षार येतात, गिलाव्याचे पोपडे सुटतात, आतली माती भुसभुशीत होते. वरून कितीही वॉटरप्रूफ रंग मारा, रोग आतच राहतो.

काका उमेदीत गवंडीकाम करायचे. त्यांनी आधी घराला बाहेरून चक्कर मारली. वर्षानुवर्षं माती साचून अंगण आतल्या जमिनीपेक्षा वर आलं होतं. म्हणजे पावसाचं पाणी थेट भिंतीत. भाऊ, मेहुणे आणि मी फावडी-घमेली घेऊन जोतं उघडं पडेपर्यंत माती काढली, घरापासून दूर उतार दिला. त्यानंतर सिमेंट हलक्या हातानं छिन्नीनं काढलं आणि भिंती चांगल्या सुकू दिल्या. ही वाट बघणं घरच्यांना सगळ्यात जड गेलं, पण काका ढळले नाहीत आणि ते बरोबरच होते.

गिलावा चुन्याचा केला, एक भाग चुना, तीन भाग वाळू. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, म्हणून थर पातळ द्यायचे आणि ओली पोती लावून उन्हापासून जपायचे. भराभर सुकला की भेगा पडतात. कळीचा चुना विरवताना पाणी उकळतं आणि शिंतोडे उडतात. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेतच, मुलं लांब.

~

वरच्या अनुभवात भर. गोठ्यावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. कापू नका, भोकं पाडू नका, फोडू नका, तो धुरळा फुप्फुसात जाऊन राहतो. ते जाणकारांकडूनच उतरवा. दारं-खिडक्यांच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडा पॉलिशपेपर घासू नये. आम्ही पाणी मारून खरवडलं आणि गरोदर वहिनीला त्या खोल्यांपासून दूर ठेवलं.

~

कामाचं सगळ्यांनी लिहिलं, मी माणसांचं लिहिते. आमचं घर सामायिक. कोणी पैसे घातले, कोणी राबलं, कोणी दुरून सल्ले दिले. आत्यानं पहिल्याच बैठकीत वही काढली आणि विचारलं, पैसे घालणाऱ्याचा हिस्सा वाढणार का? क्षणभर सगळे गप्प. तिनं मात्र सोडलं नाही. वाढणार नाही, खर्चाची नोंद राहील आणि राबणाऱ्याची मजुरीही त्याच वहीत खर्च म्हणून लिहायची, असं ठरवून सगळ्यांच्या सह्या घेतल्या. त्या वहीमुळे आमच्यात आजही बोलणं आहे असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, ज्याला काम द्याल त्याला ते पूर्ण द्या. चुलतभावाला खिडक्या दिल्या. बिजागऱ्या, कड्या, लाकूड, सगळं त्यानं ठरवायचं. दुसऱ्यानं फक्त विचारलं तर सांगायचं.

~

भेगांना घाबरून लगेच बुजवू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख घाला. भेग खुणेपलीकडे सरकली किंवा रुंदावली तर पाया हलत असू शकतो, अशा वेळी इंजिनिअरला दाखवा. आतली भिंत पाडायची असेल तरीही आधी त्यालाच विचारा. वरची तुळई तिच्यावर टेकलेली असू शकते.

~

वायरिंग घरच्यांनी करू नये. आमच्या मामानं हौसेनं खाचा पाडल्या, पण जोडणी, अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं उपकरण हे सगळं परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं. वायरी बुजवण्याआधी मामीनं प्रत्येक भिंतीवर मोजपट्टी धरून फोटो काढले. आता खिळा ठोकायचा झाला की आधी तो फोटो बघतो.