लॅमिनेट फ्लोअरिंगची '20 वर्षं वॉरंटी' मराठवाड्यातल्या घरात कामाची आहे का?

लातूरकर_72:
मोठ्या भावानं लातूरच्या घरात हॉलला लॅमिनेट टाकलं. दुकानदारानं '20 वर्षं वॉरंटी, निर्धास्त राहा' असं सांगितलं होतं. गेल्या उन्हाळ्यात कूलरची टाकी झिरपली, रात्रभर पाणी सांध्यांत मुरलं आणि खिडकीजवळच्या पट्ट्या फुगल्या. आता हात फिरवला की प्रत्येक सांध्यावर बोटाला कड लागते. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला. नंतर उत्तर आलं: साचलेल्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

मग मी वॉरंटीचा कागद मागवून पूर्ण वाचला. माझं मत सरळ सांगतो. ही 20 वर्षं फक्त वरच्या थराची आहेत. लॅमिनेटची पट्टी म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला एचडीएफ बोर्ड, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद आणि सगळ्यात वर मेलामाइनचा पारदर्शक थर. तो थर झिजून खालचं चित्र गेलं, उन्हानं रंग उडाला किंवा डाग पडला, तरच दावा. चित्र जाणं म्हणजेही किमान एक चौरस सेंटीमीटर जागा स्पष्ट दिसायला हवी. ओरखडे धरत नाहीत, चकाकी गेली तरी धरत नाहीत.

आपल्याकडे घरात चप्पल घालून कोण फिरतं? अनवाणी पायांनी तो थर झिजणार कधी? आपल्या घरांत जमीन खराब होते ती कूलरच्या पाण्यानं, बादली ओतून पुसण्यानं आणि तळमजल्याच्या ओलीनं. ही तिन्ही कारणं वगळलेल्या यादीत आहेत. जे बिघडणारच नाही त्याची हमी आणि जे बिघडणार त्यातून हात वर, हे मला अन्यायाचं वाटतं.

जालना_फ्लोअरिंग:
दादा, माझं याच मालाचं दुकान आहे, म्हणून बोलतो. माल लाकडाचा आहे, पाण्यात फुगणारच. ते कंपनीनं लपवलेलं नाही, कागदावर पहिल्या दिवसापासून छापलेलं असतं. गिऱ्हाईक 8 मिमी की 12 मिमी विचारतं, भाव विचारतं, कागद कोणी उघडत नाही. पट्ट्यांना खोलीच्या हवेची सवय व्हावी म्हणून खोके खोलीत 48 तास ठेवा म्हटलं तर 'मिस्त्री आजच मोकळा आहे' म्हणतात. त्यात टिकाऊपणाचे वर्ग आहेत, एसी-3, एसी-4 वगैरे. बेडरूमचा माल दुकानात टाकायचा आणि वॉरंटी मागायची, असंही होतं. ज्यांना पाण्याची भीती आहे त्यांच्यासाठी पाणीरोधक माल येतो, त्याची वेगळी वॉरंटी असते. पण सांडलेलं पाणी ठरलेल्या वेळेत पुसायची अट तिथंही असते. टाकी रात्रभर झिरपली तर कंपनी काय करणार?

परभणीची_सुनंदा:
दादा, तुमचं अर्धं पटलं. पण मिस्त्री दुकानच पाठवतं ना? आमच्याकडे आलेल्या माणसानं शहाबादीवर सरळ फोम अंथरला आणि पट्ट्या ठोकून गेला. खाली पॉलिथिन नाही, ओल मोजली नाही. पावसाळ्यात कडा उचलल्या. तक्रार केली तर विचारतात, बसवण्याआधीचा ओलाव्याचा रिपोर्ट कुठाय? परभणीत घर बांधणाऱ्या किती जणांनी ते ओलावा मोजायचं यंत्र पाहिलंय? अट छापायची आणि पाळायचं साधन द्यायचं नाही, याला काय म्हणावं?

दुसरं म्हणजे, दावा मंजूर झाला तरी मिळतं काय? पट्ट्या. कपाटं हलवायची, जुनं काढायचं, नवं बसवायचं, ती मजुरी सहसा आपलीच. शिवाय बऱ्याच वॉरंट्यांत रक्कम वर्षागणिक घटते, 20 पैकी 10 वर्षं झाली की निम्मीच उरते. ते डिझाइन बंद झालं असेल तर 'मिळतंजुळतं' घ्यायचं. हॉलच्या मधोमध मिळतंजुळतं कसं दिसेल?

नांदेड_वकील:
लातूरकर, तुमच्या रागाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. कूलर तुमचा, पाणी तुमचं. कंपनीविरुद्ध हा दावा टिकणं अवघड आहे.

सुनंदाताईंचं प्रकरण मात्र वेगळं. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार कंपनीच्या वॉरंटीपलीकडे विक्रेत्यानं स्वतः हमी दिली आणि माल तसा निघाला नाही, तर जबाबदारी विक्रेत्यावरही येते. बसवण्याची सेवा दुकानानं विकली असेल, तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार वेगळी करता येते. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात चालते, मुंबईला जावं लागत नाही. मालासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत कारण घडल्यापासून 2 वर्षं, म्हणून 'बघू, बोलू' करत बसू नका. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंदवा. पण पक्कं बिल नसेल तर सगळं लंगडं पडतं. 'जीएसटी वाचवतो' म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल घेणारे रोज भेटतात. बिल न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित प्रथा आहे.

संभाजीनगर_फिटर:
मी हेच काम करतो. जालन्याच्या भाऊंना एवढंच विचारतो, दर फुटामागं मजुरी तोडून मागता तेव्हा मिस्त्री कुठली टेस्ट करणार?

यंत्र लागत नाही, ताई. दीड फूट बाय दीड फूट पॉलिथिनचा तुकडा फरशीवर ठेवायचा, चारी बाजू टेपनं बंद करायच्या, एक दिवस तसाच सोडायचा. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची फरशी काळपट झाली असेल, तर तिथं लॅमिनेट टाकूच नका. कंपनी याला रिपोर्ट मानेलच असं नाही, पण तुमचं घर वाचतं. काळ्या मातीवरचा तळमजला पावसाळ्यात फसवतो, ही टेस्ट मार्चमध्ये करून उपयोग नाही.

आणि भिंतीलगत 8 ते 10 मिमी फट सोडायचीच. हवेतल्या दमटपणानं पट्ट्या फुगतात, त्यांना जागा लागते. ती फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली, झाकते. लोक दिसायला वाईट म्हणून तिथं पांढरं सिमेंट भरायला लावतात, मग श्रावणात हॉलच्या मधोमध जमीन उंचावते आणि दाव्यातही तेच पहिलं बघतात.

लातूरकर_72:
वकीलसाहेब, आमचा दावा टिकणार नाही हे मान्य. माझा मुद्दा विक्रीच्या वेळचा आहे. जालन्याच्या दादांनी सांगावं, '20 वर्षं' दुकानाच्या बोर्डवर हातभर अक्षरात असतं, मग 'साचलेलं पाणी वगळून' त्याच्याच खाली तेवढ्याच अक्षरात लिहायला काय अडचण आहे?

जालना_फ्लोअरिंग:
बोर्ड कंपनीकडून येतो, दादा, त्यावर माझं चालत नाही. शेजारचं दुकान '20 वर्षं' लिहिणार आणि मी अटी लिहिणार, तर गिऱ्हाईक तिकडं जाईल, हे खरं आहे. माझ्या हातात बिल आहे. त्यावर पाणी, ओल आणि फट या तीन अटी मराठीत छापून सही घ्यायला मी तयार आहे.

परभणीची_सुनंदा:
सही घ्या, पण मिस्त्रीचीही घ्या. पॉलिथिन टाकलं, फट सोडली, असं त्यानं लिहून द्यावं. नाहीतर ती सही फक्त आमच्याविरुद्धच वापरली जाईल.