फी आणि पगार शेजारी ठेवताना
अमेरिकेतल्या एकाच राज्यातली कॉलेजं फी आणि पदवीनंतरच्या पगारावरून क्रमाने लावायची, ही कल्पना बरी आहे. फक्त छापील फी धरू नका. 'कॉलेज स्कोअरकार्ड' या अमेरिकी शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर निव्वळ खर्च दिलेला असतो, म्हणजे अनुदान-शिष्यवृत्ती वजा जाता उरणारा वार्षिक खर्च, राहण्याजेवणासकट. सरकारी विद्यापीठांचा हा आकडा त्या राज्याच्या रहिवाशांपुरताच, तोही सरासरी. पगाराचा आकडा तर केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेल्यांचाच! एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, परदेशातून आलेली मुलं त्यात नाहीतच. शिवाय अख्ख्या कॉलेजचा मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, पाहून काय कळणार? इंजिनिअरिंग-नर्सिंगची मुलं जास्त, ते कॉलेज आपोआप वर दिसतं. शाखावार आकडेही तिथेच आहेत. आणि त्याआधी पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बघा. शिक्षण अर्धवट सुटलं तरी कर्ज फेडावं लागतंच.