उन्हाळ्यातला ट्रेक आणि पलीकडच्या बाजूचा बर्फ : अनुभव लिहा

भटकभवानी
काल भाच्याने एका डोंगराचा फोटो पाठवला. समोरची बाजू हिरवीगार, फुलंबिलं. खाली प्रश्न : "मावशी, आता बर्फ नसेल ना गं?" आणि आमची ती गोल वाट आठवली. चढताना सगळं कोरडं ठणठणीत. खिंडीत पोचून पलीकडे डोकावलो, तर उत्तरेकडचा अख्खा उतार पांढरा. तिकडे ऊन पोचतच नाही ना फारसं. वाट गायब. जुन्या पावलांची एक ओळ होती, तीही मधेच संपलेली. गोल वाटेचा चावटपणा हाच, बर्फ भेटतो तोवर निम्मं अंतर झालेलं असतं. मागे गेलं तरी तेवढंच, पुढे गेलं तरी तेवढंच. मग जो तो पुढेच जाऊ म्हणतो. आम्ही भरपूर भांडून परत फिरलो. ग्रुपमधला एक जण अजून नीट बोलत नाही माझ्याशी. तुमचं काय झालं?

कोरडापाय
आम्ही गेलो पुढे. सकाळी बर्फ कडक होता, बुटाने ठोकून पायऱ्या करत मस्त चाललो होतो. ऊन चढलं आणि धप्पकन मांडीपर्यंत आत! एक पाय उपसावा तर दुसरा आत. मोठ्या दगडांच्या कडेने तर मुळीच जाऊ नका. दगड तापतो आणि भोवतालचा बर्फ खालून पोकळ होतो. नडगी सोलून निघाली.

निळीछत्री
नडगी +१

सॅकमध्ये_काय
गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीला लावायची आवरणं) नव्हते का? आणि मोजे कुठले घालता तुम्ही लोक? माझे लोकरीचे एका धुण्यात बाहुलीच्या मापाचे झालेत.

निळीछत्री
गरम पाण्यात टाकलेत ना? आता बाहुली घ्या.

ओढाकाठ
मोज्यांवर नंतर या हो. ओढ्यावरच्या बर्फाचं कुणी लिहिलं नाही अजून. वरून सपाट मैदान दिसतं, खालून पाणी कुरतडत असतं. आमच्यातल्या एका काकांना खळखळ ऐकू आली म्हणून त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि काठी खुपसली. मुठीपर्यंत गेली, अडलीच नाही कुठे! मग बरंच खाली उतरून, पाणी उघडं दिसत होतं तिथून, गुडघाभर भिजत पार झालो. इतक्या आनंदाने आयुष्यात कधी भिजले नव्हते.

गॉगलवाली
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ढगाळ आहे म्हणून आमच्या ह्यांनी गॉगल सॅकमधून काढलाच नाही. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखी आग, पाणी थांबेना, दिवासुद्धा सहन होईना. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो, वर दर 1000 मीटर उंचीला ती साधारण 10 टक्क्यांनी वाढतात. ढगांतूनही येतातच. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आत भाजलं होतं हो! क्रीम तिथे कोण लावतं?

कोरडापाय
नाकपुड्या 😂 सॉरी. ह्यांना माझा नमस्कार सांगा.

रानवाट
बर्फावर गुलाबी डाग पाहिलेत का कुणी? आमच्यातली एक जण घाबरली, म्हणाली रक्त आहे.

ओढाकाठ
सूक्ष्म शेवाळ असतं ते, लाल रंगद्रव्य असलेलं. त्या रंगामुळे बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. फोटो काढा, खाऊ नका.

भटकभवानी
एक विचारायचं होतं. वाट उलटी केली तर? म्हणजे बर्फाची बाजू सकाळी आधी. कडक मिळेल, आणि नाही जमलं तर लवकरच परत फिरता येईल.

कोरडापाय
पटतं. बर्फावर चढणं उतरण्यापेक्षा सोपंही जातं.

ओढाकाठ
अर्धंच पटतं. पहाटे तो उतार काचेसारखा गुळगुळीत असतो. तिथे उतार आडवा पार करताना पाय सुटला तर थांबता येत नाही, खाली खडक असले तर संपलंच. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायच्या बारीक दातांच्या साखळ्या) साध्या उतारावर ठीक. तीव्र उतार असेल तर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे मोठे टोकदार दात), आइस अॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) आणि ती वापरायचा सराव हवा. नुसती सॅकला लटकवून काही होत नाही. नाहीतर थोडं ऊन लागून वरचा थर जरा नरम होईपर्यंत थांबा.

सॅकमध्ये_काय
म्हणजे लवकर निघा, पण फार लवकर नको. वा!

गॉगलवाली
कुकर झाला. @कोरडापाय, नडगीला काय लावलं होतंत?

कोरडापाय
ऑफिसला सुट्टी.